आडवे सात, चार अक्षरी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला ‘दुःखाचे पाच टप्पे’ हा लेख वाचला. नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य, स्वीकार असे पाच रंगीत चौकोन, एकातून दुसऱ्यात जाणारे बाण आणि तळाशी वाचकांना प्रश्न : ‘तुम्ही यातल्या कितव्या टप्प्यावर आहात?’ मी पेन्सिल घेतली आणि समासात लिहिलं, ‘मूळ कागद कुठाय?’ ही माझी जुनी खोड. ३१ वर्षं दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेली. कुणी काही ठामपणे सांगितलं की माझा हात आपोआप व्हाउचर शोधायला लागतो.

मूळ कागद असा आहे. एलिझाबेथ कुबलर-रॉस या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी हे टप्पे १९६९ साली मांडले, ते असाध्य आजार झालेल्या, स्वतःचं मरण समोर दिसणाऱ्या रुग्णांशी बोलून. मागे राहणाऱ्यांचा हिशेब त्यात नव्हता. तो पुढे त्याच चौकोनांत बसवला गेला, बाईंनी स्वतःही बसवला, पण सगळे जण याच क्रमानं जातात असा आग्रह त्यांचाही नव्हता. आपल्या लेखातल्या बाणांचा मात्र तसा आग्रह दिसतो. संपादक महाराज, दुःखात असलेल्या माणसाच्या हातात वेळापत्रक देऊ नका. ते देणारे घरी येऊनच देऊन जातात.

माझा धाकटा भाऊ गेला त्याला १९ महिने झाले. वय ५३. रात्री झोपेत हृदयविकाराचा झटका आला. मी त्याच्याहून चार वर्षांनी मोठी. त्याचं घरातलं नाव दोन अक्षरी होतं, ते इथे लिहीत नाही. पेपरात नाव छापून आलेलं त्याला मुळीच आवडलं नसतं.

भेटायला आलेली माणसं दारातून आत येत, माझ्याशेजारून पुढे जात आणि भावजयीचा हात हातात घेत. ते बरोबरच होतं. मग निघताना माझ्याकडे वळून, आवाज खाली आणून विचारत, ‘कशी आहे ती? झोपते का?’ मी अहवाल द्यायचे. झोपली, उठली, आज थोडं बोलली. मुलांचं काय, पैशांचं काय, कागदपत्रांचं काय. शेवटी ठरलेलं वाक्य : ‘आता तुम्हालाच सगळ्यांना सांभाळायचंय.’ पहिल्या महिन्यात ‘तुम्ही कशा आहात?’ असं मला किती जणांनी विचारलं ते मी मोजलं आहे. मोजणं सुटत नाही. दोघांनी. त्यातली एक विमा विकणारी मुलगी होती.

केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकानं अशा दुःखाला १९८९ साली एक नाव दिलं. मी त्याला मराठीत ‘बिनहक्काचं दुःख’ म्हणेन. शोक करायला तुमचाही हक्क आहे हे भोवतालच्यांच्या लक्षातच येत नाही, असं दुःख. काडीमोड झालेल्या नवऱ्याचं मरण, पोटातच गेलेलं मूल, कामावरचा जिवाभावाचा सोबती, पाळलेलं कुत्रं. भावंडंही पुष्कळदा याच रांगेत उभी असतात. मी ते नाव वाचलं तेव्हा मला बरं वाटलं, कारण निदान रांग तरी आहे हे कळलं.

आता शब्दकोड्याविषयी सांगते. कारण मला जे सांगायचंय ते त्यातूनच जातं.

आमचा फोन रोज रात्री नऊ चाळीसला व्हायचा. ‘हॅलो’ वगैरे काही नाही. ‘ऐक. उभे तीन. पाच अक्षरी.’ तुमच्याच पेपरातलं कोडं. सकाळचा पेपर तो रात्री हातात घ्यायचा आणि पेनानं सोडवायला बसायचा. पेन्सिल घे म्हणून मी वीस वर्षं सांगितलं. चुकलेल्या अक्षरावर दुसरं अक्षर, त्यावर तिसरं, शेवटी त्या चौकोनात नुसतं काळं भोक. तब्येत, मुलांचे मार्क, नोकरीतल्या कटकटी हे सगळं मला आडव्या-उभ्यांच्या मधल्या फटीतून कळायचं. आईच्या शेवटच्या आजारपणातला सर्वांत अवघड निर्णय आम्ही एका ‘उभे बारा’च्या पाठोपाठ घेतला. उत्तर मिळाल्यावर तो जरा थांबला आणि म्हणाला, ‘आईला आता व्हेंटिलेटर नको ना गं?’ मी म्हटलं, नको. एवढंच आमचं बोलणं.

तो गेला त्या रात्री मी वर्षअखेरच्या फायली घरी घेऊन बसले होते. निवृत्तीला एकच वर्ष उरलं होतं आणि एका रकमेचा फरक सापडत नव्हता. नऊ चाळीसला फोन वाजला. तो ‘ऐक’ म्हणाला. मी म्हटलं, ‘आत्ता नको रे. मी करते नंतर.’ तो ‘बरं’ म्हणाला. फरक अकरा वाजता सापडला. आता झोपला असेल, म्हणून मी फोन केला नाही.

हे मी पुढे अकरा महिने कुणालाही सांगितलं नाही.

आमच्या कामात, ज्या रकमेचा धनी सापडत नाही ती ‘सस्पेन्स’मध्ये टाकून पुढे जातात. ताळेबंद तेवढ्यापुरता जुळतो. मात्र रक्कम तिथे फार दिवस पडून राहिली की तपासनिसाचा पहिला शेरा तिच्यावरच येतो. असे शेरे मी शेकड्यानं लिहिले असतील. तरी स्वतःची ही एक रक्कम अकरा महिने तिथेच ठेवली.

प्रयत्न केला नाही असं नाही. चौथ्या महिन्यात एका जुन्या मैत्रिणीकडे गेले. नुसतं ‘त्या रात्री त्याचा फोन आला होता’ इतकंच म्हटलं, तर तिनं तिच्या सासऱ्यांचं आयसीयू काढलं. चाळीस मिनिटं. तिचं चुकलं असं म्हणणार नाही, तिचंही कुठेतरी अडकलेलं असणार. पण मी घरी आले ती आणखी एक कुलूप लावून. ‘मन मोकळं करा’ हा सल्ला देणाऱ्यांनी हेही सांगावं की चुकीच्या ठिकाणी मोकळं करायला गेलं तर ते पहिल्यापेक्षा घट्ट मिटतं.

नवव्या महिन्यात माझा उजवा खांदा आखडला. फ्रोझन शोल्डर. (दुःख खांद्यात साठलं वगैरे कुणी म्हणू नये. मला मधुमेह आहे आणि मधुमेह असणाऱ्यांना हे दुखणं जास्त होतं.) हात कानापर्यंत जाईना, वेणी घालता येईना. फिजिओथेरपी सुरू झाली. तिथली मुलगी सव्वीस-सत्तावीस वर्षांची, बोलण्यात तुटक. भिंतीसमोर उभं राहायचं, बोटांनी कोळ्यासारखं भिंत चढत जायचं, हात जिथे अडेल तिथे ती पेन्सिलीनं बारीक रेघ मारायची आणि शेजारी तारीख टाकायची. रेघा रोज वर जात नसत. मंगळवारची रेघ सोमवारच्या खाली, असंही व्हायचं. मी चिडले की म्हणायची, ‘खालची पण लिहायची, काकू.’

हात ताणून तीस-तीस सेकंद तसंच थांबायचं असे. तेवढ्या वेळात ती टेबलावरचा पेपर ओढून कोडं बघायची. एक दिवस माझ्याकडे न पाहताच तिनं विचारलं, ‘काकू, जहाजावर राबणारा, तीन अक्षरी?’

मी म्हटलं, ‘खलाशी.’ आणि मला रडू फुटलं. हात भिंतीवर तसाच, नाक गळतंय, हात खाली घ्यायचंही सुचेना.

‘दुखतंय का?’

‘खांदा नाही,’ मी म्हटलं.

तिनं स्टूल ओढून दिलं आणि माझं होईपर्यंत थांबली. मग मी नऊ चाळीसचं सांगितलं, फोन कापल्याचं सोडून बाकी सगळं. तिनं पाठीवरून हात फिरवला नाही की काळच औषध असतो म्हणाली नाही. तिनं विचारलं, ‘पेनानं सोडवायचे की पेन्सिलीनं?’

अकरा महिन्यांत कुणी मला त्याच्याविषयी विचारलेला हा पहिला प्रश्न. ‘कसा गेला?’ हे पुष्कळांनी विचारलं होतं, पण ती चौकशी मरणाची. माणसाची नाही. पेनानं, मी म्हटलं, आणि मग ती काळी भोकं, तो पाच अक्षरी शब्द चार चौकोनांत कोंबायचा ते, आणि उत्तर चुकलं की कोडंच चुकीचं छापलंय म्हणून तुमच्या नावानं शिव्या घालायचा ते, सगळं सांगत सुटले. पुढच्या पेशंटला वीस मिनिटं बाहेर बसावं लागलं.

तिसऱ्या खेपेला मी तिला उरलेलंही सांगितलं, ‘आत्ता नको रे’. ती खांद्याला शेक देत होती. बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ‘वीस वर्षं रोज फोन. त्यात किती वेळा म्हणाला असाल, नंतर करते?’ घरी आल्यावर मी खरोखर कागद घेऊन बसले. आठवड्यातून एकदा तरी म्हणत असेन. वर्षाचे बावन्न, वीस वर्षांचे एक हजार चाळीस. आणि तोही मला म्हणायचाच की, मॅच असली की हमखास. म्हणजे ज्या एका नोंदीवर मी अकरा महिने लाल पेन टेकवून बसले होते, तशाच हजार नोंदी त्या वहीत होत्या आणि एकीवरही कधी आक्षेप नव्हता. अपराधीपणा त्यानं गेला नाही. आकार मात्र कळला.

त्यानंतर मी वाचत गेले. मूळ कागद शोधायची सवय इथे उपयोगी पडली. जेम्स पेनेबेकर यांनी सहकाऱ्यासोबत १९८६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग पाहिला. विद्यार्थ्यांनी ओळीनं चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सर्वांत जिव्हारी लागलेल्या घटनेवर लिहायचं. काय झालं आणि काय वाटलं, दोन्ही लिहिणाऱ्यांना लिहिल्यावर लगेच आणखी वाईट वाटलं. पुढच्या काही महिन्यांत मात्र त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. ‘बोला, हलकं वाटेल’ म्हणणाऱ्यांना यातला पहिला भाग माहीत नसतो. बोलल्यावर त्या रात्री मला हलकं वाटलं नव्हतं, जास्तच जड झाले होते. आणि नेमकं जवळचं माणूस गेलेल्यांवर असेच प्रयोग पुढे झाले, तेव्हा नुसत्या लिहिण्या-बोलण्यानं दुःख लवकर ओसरतं असं काही आढळलं नाही. हेही नोंदवायलाच हवं. माझ्या फायद्याची नोंद ठेवायची आणि विरुद्ध जाणारी गाळायची, हे मी दुसऱ्यांना कधी करू दिलं नाही.

मग माझं बरं कशानं झालं? माझा अंदाज असा : बोलल्यानं थोडं, आणि समोरच्यानं त्याला पुन्हा माणूस म्हणून खोलीत बसू दिल्यानं जास्त.

जपानमध्ये ओत्सुची या गावात इतारू सासाकी या गृहस्थांनी आपला चुलत भाऊ गेल्यावर, २०१० साली, बागेत एक पांढरं टेलिफोन बूथ उभं केलं. आत जुना तबकडीचा फोन, तार कशालाच जोडलेली नाही. भावाशी बोलायचं वाऱ्यावर सोडून दिलं, म्हणून तो ‘वाऱ्याचा फोन’. पुढच्याच मार्चमध्ये त्सुनामी आली, त्या गावातली कितीतरी माणसं गेली, आणि लोक त्या बूथकडे येऊ लागले. तबकडी फिरवून घरचाच नंबर लावायचा. मला हे वाचून हसू आलं नाही. मीसुद्धा पाचव्या महिन्यापर्यंत नऊ चाळीसला फोन उताणा ठेवत होते. पण एक सांगते, माझ्या कामी आला तो दुसऱ्या टोकाला माणूस असलेला फोन.

स्ट्रोब आणि शूट या नेदरलँड्समधल्या अभ्यासकांनी १९९९ साली मांडलेली गोष्ट मला पाच चौकोनांपेक्षा जास्त पटते. माणूस एकदा दुःखाकडे जातो, एकदा कामाधामाकडे, पुन्हा दुःखाकडे. हे हेलकावे म्हणजे बिघाड नव्हे, चालण्याची रीतच ती. भावजय सकाळी बँकेत केवायसी करून आली आणि संध्याकाळी त्याचा एक मोजा सापडला म्हणून कोसळली, तेव्हा एक नातेवाईक म्हणाले, ‘सकाळी तर बरी होती, आता काय झालं?’ काही झालं नव्हतं. सोमवारची रेघ, मंगळवारची रेघ.

आणि हे लाड नव्हेत. कॉलिन मरे पार्क्स आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये ५५ वर्षांवरच्या ४,४८६ विधुरांची पाहणी प्रसिद्ध केली होती. बायको गेल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यातले २१३ दगावले, म्हणजे त्याच वयाच्या विवाहित पुरुषांमध्ये अपेक्षित असतात त्यापेक्षा ४० टक्के जास्त. काहींचं दुःख कुणाशी बोलून भागत नाही, तेही खरं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत २०२२ पासून लांबलेल्या शोकाची स्वतंत्र नोंद आहे, सहा महिने उलटूनही ज्याचं रोजचं जगणं ठप्प आहे अशांसाठी. माझा धाकटा भाचा आठ महिने कॉलेजात गेला नव्हता. त्याला समुपदेशकाकडे न्यावं लागलं. आता जातो.

राहिली भावजय. आम्ही दर रविवारी भेटायचो आणि फक्त कागदपत्रांविषयी बोलायचो. मीच तसं ठेवलं होतं. तिला आणखी काय द्यायचं, असं वाटायचं. खांदा कानापर्यंत वर गेला त्या आठवड्यात मी तिच्यासमोर बसून एका दमात म्हटलं, ‘त्या रात्री त्यानं मला फोन केला होता. मी बोलले नाही. कापला.’

ती धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. उशीचा एक अभ्रा तिनं घडी घातला, उलगडला, पुन्हा घातला. मग म्हणाली, ‘ताई, संध्याकाळी तो म्हणाला होता, छातीत जळजळतंय. मी ॲसिडिटीची गोळी दिली. म्हटलं, लवकर झोप.’

एकाच घरात, एकाच सोफ्यावर, वर्षभर आम्ही दोघी आपापली एकेक पुडी मुठीत घट्ट धरून बसलो होतो. हृदयविकाराची कळ पुष्कळदा जळजळीसारखीच वाटते हे आता आम्हा दोघींना पाठ आहे, तेव्हा नव्हतं. ‘तुझी काही चूक नाही’ असं मी तिला म्हटलं नाही. ते वाक्य मला कुणी म्हणालं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. मी फिजिओथेरपीवाल्या मुलीची नक्कल केली. विचारलं, ‘गोळी घेताना काय म्हणाला?’

‘खडू खाल्ल्यासारखं वाटतंय म्हणाला,’ ती म्हणाली. ‘आणि असं तोंड केलं.’ तिनं ते तोंड करून दाखवलं. हुबेहूब. आम्ही दोघी हसलो, आणि मग हसण्याचं जे व्हायचं ते झालं.

नंतर ती उठून आत गेली आणि त्या दिवसाचा पेपर घेऊन आली. चार घड्या, कोडं वर. रद्दी देताना तेवढा काढून ठेवला होता. कोडं जवळजवळ पुरं झालं होतं, नेहमीच्या काळ्या भोकांसकट. आडवे सात तेवढं राहिलं होतं. ‘कीर्दीची जोडीदार’, चार अक्षरी. तिसऱ्या चौकोनात उभ्या शब्दातून आलेला ‘व’, बाकी तीन कोरे.

खतावणी. हिशेबातला शब्द अडला तर तो मला सोडून आणखी कुणाला विचारणार?

‘याच्यासाठीच असणार, ताई,’ भावजय म्हणाली. माझ्यातल्या तपासनिसानं लगेच आक्षेप काढला. पुरावा काय? त्याला दुसरंही काही सांगायचं असेल. जळजळीचंही असेल. ते आता कळायचं नाही. पण तिनं मांडलेली ती नोंद मी मान्य केली. नोकरीत असते तर व्हाउचरशिवाय केली नसती. ते तीन चौकोन आम्ही तसेच ठेवले आहेत.

तर संपादक महाराज, विनंत्या दोन. एक, पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा तळाशी ‘तुम्ही कितव्या टप्प्यावर आहात?’ असं विचारू नका. ‘तुमच्या गेलेल्या माणसाची एक खोड लिहून पाठवा’ असं विचारा. पोतंभर पत्रं येतील, हे मी लिहून देते.

दुसरी विनंती कोड्याबद्दल. गेल्या काही महिन्यांपासून आपण जाहिरातीसाठी शब्दकोड्याचे चौकोन लहान केले आहेत. हल्ली नऊ चाळीसला मला भावजयीचा फोन येतो. तिला नुकताच जवळचा चष्मा लागला आहे, ती पेनानंच लिहिते आणि एका चौकोनात दुसऱ्यांदा खाडाखोड करायला जागाच उरत नाही. चौकोन पूर्वीएवढे करावेत.

आपली,
एक निवृत्त लेखापरीक्षक
(नाव व पत्ता वेगळ्या कागदावर सोबत जोडला आहे, छापू नये.)